विमानाची बोट करणारी शाझलिया

माझ्या थोरल्या जावेला, शाझलियाला, चित्र काढायला कुणी शिकवलं नाही. शिकवणार तरी कोण? नदीपलीकडचा बस्तावी नावाचा रंगारी हाजींच्या भिंती रंगवायचा, पण बाईमाणसानं जाऊन त्याला 'मला शिकव' म्हणायची सोय नव्हती. शाझलिया आपली कणग्या करायची. गाळाची माती, तूस आणि गाढवाची लीद मळून पुरुषभर उंचीची कणगी उभी करायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि मग तिला सोडायचीच नाही. कणगीच्या खांद्यावर कबुतरं बसवायची, पोटावर खजुरीचं झाड काढायची, दाणे काढायच्या भोकाच्या वर दोन टपोरे डोळे काढायची. काळा रंग चुलीतल्या काजळीचा, तांबडा टेकडीच्या मातीचा, निळा म्हणजे कपड्यांची नीळ. खजुरीच्या फांदीचा देठ ठेचून त्याचं टोक चावून मऊ केलं की झाला कुंचला. त्यामुळं तिचे पुढचे दात कायम निळसर असायचे.

सासूबाई म्हणायच्या, "कणगीला डोळे कशाला गं? दाणे मोजती का ती?"

"उंदीर भितात, आत्याबाई."

"उंदीर न्हाई भीत. मीच भिते, अंधारात गेले की."

पण शेजारपाजारच्या बाया कणगी सांगायला आल्या की हळूच म्हणायच्या, डोळे काढशील ना. सासूबाईंनी ते ऐकलेलं असायचं. त्या तेवढ्यापुरत्या गप्प बसायच्या.

ज्या वर्षी नफूसा हजला गेली, ते वर्ष मला कालच्यासारखं आठवतं. नफूसा आमची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. अंगानं थोराड आणि आवाज असा की तिनं म्हशीला हाक मारली की कालव्यापलीकडच्या म्हशी माना वर करायच्या. तिचा एकुलता एक मुलगा हमदान तिला कूस शहराच्या बसवर बसवून आला आणि ज्याला त्याला सांगत सुटला, "आई विमानानं गेली." आमच्या अल-सवाकी गावातून तोवर कुणीच विमानानं गेलं नव्हतं. हमदानची मान त्या दिवसांत अशी ताठ झाली होती की त्याला खालचा चिखल दिसायचा बंद झाला.

आता आमच्याकडची रीत अशी, की हजला गेलेलं माणूस परत यायच्या आत त्याच्या घराची दर्शनी भिंत रंगलेली पाहिजे. काबा काढायचा, ज्यातून गेला ते वाहन काढायचं, पांढऱ्या वस्त्रात हात वर केलेला हाजी काढायचा. कोऱ्या भिंतीच्या घरात हाजी पाऊल टाकत नाही; म्हणजे कुणी अडवत नाही, पण टाकत नाही. बस्तावी हे काम करायचा आणि सगळ्या गावांत एकाच हातानं करायचा. तोच काबा, तोच उंट, तोच तलवार घेतलेला सिंह. फक्त नाव बदलायचं.

तर बस्तावी निघाला नफूसाच्या भिंतीसाठी. गाढवावर बसून, खांद्यावर आडवी शिडी घेऊन. खजुरीच्या दोन झाडांमधून गाढव गेलं आणि शिडी गेली नाही. बस्तावीचा उजवा हात कोपरातून मोडला.

हमदान आमच्या अंगणात येऊन कपाळाला हात लावून बसला. "आता काय करू, काकी? आई यायची वेळ झाली आन् भिंत पांढरी फटक."

सासूबाई मुळ्याची पानं निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या थोरलीला ने. कणगीला डोळे काढती, तुझ्या भिंतीला नाक काढंल."

त्या टोमणा मारत होत्या. हमदानला तो टोमणा आहे हे कळलंच नाही. तो उठला, शाझलियापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, काढता?"

शाझलियाचे हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले होते. ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "शिडी मी धरते."

बाईनं दर्शनी भिंत रंगवायची, तीही रस्त्यावर, शिडीवर चढून. शाझलियानं झग्याखाली दिराची विजार चढवली आणि डोक्यावरची ओढणी कानामागं घट्ट खोवली. पहिल्या दिवशी पुरुष जाता-येता खाकरत होते. दुसऱ्या दिवशी थांबायला लागले. तिसऱ्या दिवशी चहाचे पेले घेऊन समोरच्या ओट्यावर बसायलाच लागले. ही भिंत चांगली उतरली तर शाझलियाला आणखी भिंती मिळणार, आणि फसली तर जन्मभर कणग्याच, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हांलाही. मला तर रात्री स्वप्नात भिंतच दिसायची. शाझलियाला मात्र झोप गाढ लागायची. म्हणायची, दिवसभर हात वर धरून खांदे असे भरतात की डोळे आपोआप मिटतात.

विमान तिनं जवळून पाहिलं नव्हतं. तिनं हमदानला काढून दाखवायला सांगितलं. त्यानं काडीनं धुळीत रेघा मारल्या.

"हा तर मासा काढलास, हमदान."

"त्याला पंख हायेत की, वहिनी."

"म्हंजे उडता मासा."

"उडता मासाच समजा. पण खिडक्या काढा. खिडक्या पायजेत."

तिनं दाराच्या वर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विमान काढलं. गोल गोल खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत एक तोंड. बस्तावीच्या विमानांना नुसती भोकं असायची. हिच्या विमानात एक जण जांभई देत होता, एक बाई पोराला पाजत होती, एक म्हातारा खाली वाकून 'अरे हे आमचं कूस तर नव्हं' असं बघत होता. आणि मधल्या मोठ्या खिडकीत नफूसा. कुणालाही विचारावं, ही नफूसाच. ओट्यावरची मंडळी पेले खाली ठेवून हसायला लागली, आणि त्या हसण्यात नावं ठेवणं नव्हतं. शाझलिया शिडीवरून खाली उतरली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखियाच्या घरी टेलिफोन आला. मंडळी सुखरूप परत आली, सफाग्याला उतरली, बस निघाली, दुपारच्या नमाजापर्यंत गावच्या फाट्यावर पोचतील. निरोप घेऊन आलेला हमदान आनंदानं धापा टाकत होता. शाझलिया तेव्हा काब्याच्या पडद्याची शेवटची सोनेरी पट्टी हळदीनं भरत होती.

"सफाग्याला?" ती म्हणाली. "सफागा तर बंदर हाय."

हमदानची धाप थांबली.

"विमान बंदरावर उतरतं का रं?"

मग हळूहळू बाहेर आलं. विमानात जागा पुरल्या नव्हत्या. अख्ख्या गटाला जाताना बोटीनं नेलं होतं आणि येतानाही बोटीनंच आणलं. मुखियानं टेलिफोनवर हे ऐकलं होतं, हमदानलाही सांगितलं होतं, आणि हमदाननं ते वाटेत कुठंतरी टाकून दिलं होतं.

"असू दे की विमान," तो म्हणाला. "एवढं झकास जमलंय. लोकं लांबून बघाया येतायत. कोण इचारणार हाय?"

शाझलिया शिडीवरून उतरली. हळदीचा हात झग्याला पुसला. "तुझी आई दारात आली, वर बघितलं, तर काय म्हणंल? 'व्हय, विमानानं गेले'? हजहून आल्या आल्या, घरात पाय टाकायच्या आधी तिला खोटं बोलाया लावायचं का तुला?"

"ती बोलंल कशाला? गप बसंल."

"नफूसामावशी गप बसंल?"

ओट्यावरचे सगळे हसले. हमदान नाही हसला. "वहिनी, आता पुसत बसलात तर भिंत अर्धी राहील. अर्धी भिंत विमानापेक्षा वाईट. लोकं तुमालाच नावं ठेवतील."

"ठेवू देत. माझ्या हातानं तिच्या दारावर खोटं न्हाई ठेवायची." आणि मग माझ्याकडं वळून, "दहब, चुना कालव."

त्या सकाळची गंमत मी काय सांगू. भांडं, चमचा, हात, जे सापडेल त्यानं चुना ढवळला. शाझलिया शिडीवर उभी राहून विमानाकडं एकटक बघत होती, जणू बकरी कुठून कापायची ते ठरवतेय. खिडक्या राहतील, म्हणाली. तोंडं राहतील. पोट राहील, खाली जरा सपाट करायचं. डाव्या पंखावर चुना फासला. उजव्या पंखाची झाली बोटीवर चढायची तिरकी फळी. विमानाच्या शेपटीचं धुराडं झालं आणि त्यातून काजळीचा धूर पार गच्चीच्या कडेपर्यंत गेला. पण चुना ओला होता आणि ओल्या चुन्यावर रंग ओघळतो. मग मी आरोळी दिली आणि गल्लीतल्या बाया भाकरी फुगवायची मातीची ताटं, पंखे, पोरांच्या पाट्या घेऊन आल्या आणि भिंतीला वारा घालायला लागल्या. ओळीनं आठ-दहा बाया भिंतीला वारा घालतायत, असं दृश्य आमच्या गावानं आधी कधी पाहिलं नव्हतं. ओट्यावरचा एक जण म्हणाला, "नवऱ्याला एवढा वारा घातला असता तर बरं झालं असतं." त्याची बायको वारा घालणाऱ्यांतच होती. तिनं ताट त्याच्या हातात दिलं आणि त्याला उभं केलं.

आणि मग समुद्र. बोट काढली की खाली समुद्र पाहिजे, आणि समुद्र म्हणजे नीळ. शाझलियाचा डबा खरवडून झाला. घराघरांतून नीळ आली. कुणी पुडी आणली, कुणी कपड्यांची बादलीच उचलून आणली. त्या शुक्रवारी अल-सवाकीतले सगळे पांढरे झगे पिवळट होते.

इतक्यात लांबून ढोल आणि सनई वाजली. बस फाट्यावर आली होती.

सासूबाई उठल्या. सकाळपासून त्या उंबऱ्यात बसून सगळं बघत होत्या. चप्पल पायात सरकवली, करकद्याच्या फुलांच्या लाल सरबताचा हंडा माझ्या नणंदेच्या डोक्यावर दिला आणि म्हणाल्या, "त्या नफूसाला मी थांबवते. थोरले, तू हात चालव."

त्यांनी काय केलं ते आम्ही पाहिलं नाही, ऐकलं. नफूसाचा आवाजच आमचं घड्याळ झाला. आधी फाट्यावरून आला, "अगं, किती मिठ्या मारशील, बरगड्या मोडतील." मग मशिदीपाशी, "घेतलं की सरबत, आत्ताच घेतलं." मग पिठाच्या गिरणीपाशी, "आता पुन्हा? आपल्या गावात पाणी न्हाई का, सगळी सरबतच पाजताय?" प्रत्येक दारात सासूबाई तिला थांबवत होत्या. प्रत्येक दारात पेला, दुवा, हजहून आणलेल्या झमझमच्या पाण्याचा एक थेंब, पोराच्या डोक्यावर हात. शाझलिया बोटीच्या पुढच्या टोकाला मासे काढत होती. तिच्या हाताला वेग आला की ती जीभ दाताखाली धरायची. त्या दिवशी जीभ निळी होती.

आवाज कोपऱ्यावर आला, आमच्या सासूबाईंना नावानं हाक मारत. "हमीदा, बाजूला सर. मला आडोशाला जायचंय. सहा घरची सरबतं पोटात हायेत."

"जाशील गं. आधी ह्या मुलीला दुवा दे."

"हिला फाट्यावर दिली की. तीच मुलगी हाय."

शाझलियानं शेवटची लाट ओढली आणि खाली उडी मारली. भिंत झाली होती. ओली होती, दोन ठिकाणी ओघळली होती, पण झाली होती. आणि बोटीच्या वर, मोकळ्या डेकवर, पांढऱ्या वस्त्रात हात आकाशाकडं केलेली नफूसा उभी होती. खिडकीतली पुसून तिथं नेली होती. ढोलवाला कोपऱ्यावरून वळला. मागून कोकरू, मागून सगळं गाव.

नफूसा दारासमोर थांबली. उन्हानं करपली होती, निम्मी झाली होती. तिनं मान वर केली. सनई थांबली. हमदाननं आईकडं न बघता जमिनीकडं बघितलं.

तिनं डोळ्यांवर हात धरून भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग म्हणाली, "ही मी न्हाई."

शाझलियानं विचारलं, "का गं मावशी?"

"मी वर न्हवतेच. असं हात वर करून उभं राहायला अंगात जीव कुठं व्हता? मी खाली व्हते. तळघरात. जाताना पण आन् येताना पण. बादलीत तोंड घालून."

हमदान पुढं झाला. "आई, चल आता आत, कोकरू कापायचंय..."

"थांब रं. ही इचारतीया न्हवं?"

शाझलियानं खरंच विचारलं. "खाली कुठं, मावशी? कोणत्या बाजूला?"

"शेवटची गोल खिडकी. तिच्यातून नुसतं पाणी दिसायचं, वर-खाली, वर-खाली. मला वाटलं, काबा न बघताच मरते. तिथं असियूतकडची एक बाई व्हती. ना ओळख ना पाळख. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. बादली ती धरायची, ती धुवायची, परत आणायची. लिंबू चोखाया द्यायची. तिनं धरून ठेवलं म्हणून मी पोचले." नफूसाचा तो म्हशींना हाक मारणारा आवाज बारीक झाला. "जेद्दाला उतरलो आन् गर्दीत ती गेली. नाव इचारायचं राहिलं."

शाझलिया शिडीवर चढली. तिनं सांगण्याआधीच मी शिडी धरली.

डेकवरची नफूसा तिनं चुन्यानं झाकली. शेवटची खिडकी मोठी केली, इतकी मोठी की आतली खोली दिसावी. "बादली कसली व्हती?"

"पत्र्याची. कान मोडलेला."

"तिच्या अंगावर काय व्हतं?"

"काळा झगा. हातावर गोंदलेलं, मनगटापाशी. मासा. न्हाई, उलट्या बाजूला. तिकडं तोंड."

"आई," हमदान कळवळून म्हणाला, "सगळं गाव बघणार. वर्षानुवर्षं बघणार. माझी आई दारावर वांती करतीया."

नफूसा त्याच्याकडं वळली. "मग काय करू, नाचत गेले म्हणून सांगू? ही बाई कुठं बघायला मिळंल मला आता? हिथं तरी राहू दे." आणि पुन्हा भिंतीकडं, "शाझलिया, तिच्या गालावर तीळ व्हता. इथं."

कोकरू उन्हात बसून राहिलं. ढोलवाल्यानं ढोल खाली ठेवून त्यावर टेकलं. नफूसा आडोशाला जायचं विसरून गेली होती. ती भिंतीसमोर जमिनीवर बसली आणि सांगत गेली, आणि शाझलिया काढत गेली. आता गावातल्या बायाही मध्येच विचारायला लागल्या, लिंबू कुठून आलं गं, रडायला येत होतं का गं. हजहून आलेल्या माणसाला असं काही कुणी कधी विचारलंच नव्हतं. हज कशी झाली म्हटलं की 'अल्लाची कृपा' म्हणायचं आणि आत जायचं, एवढंच ठरलेलं. शाझलियानं तो तीळ टेकवला तेव्हा नफूसा उठली, जवळ गेली, त्या काळ्या झग्यातल्या बाईच्या ओल्या गालाला बोट लावलं, ते बोट आपल्या ओठांना लावलं आणि उंबरा ओलांडला. आतूनच तिचा आवाज आला, "हमीदा, मेले, आता तरी मला जाऊ देशील का?"

सनई पुन्हा सुरू झाली.

बस्तावी दुसऱ्या दिवशी गळ्यात हात बांधून भिंत बघायला आला. फिरून फिरून बघितली. "सिंह न्हाई काढला," तो म्हणाला.

"मावशीला भेटला न्हाई," शाझलिया म्हणाली.

पुढं तिनं किती भिंती केल्या त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. कूसपासून नगादापर्यंत ती जायची, आणि जिथं तिथं आधी जाऊन बसायची, चहा प्यायची, हाजीला बोलतं करायची. म्हणून तिच्या भिंतींवर मंडपात घोरणारा नवरा आहे, गर्दीत हरवून परक्या गटाबरोबर जेवणारी म्हातारी आहे, जावा बेटावरच्या माणसाबरोबर खुणांनी भांडणारा न्हावी आहे. लोक आपल्या भिंतीसमोर उभं राहून पोराबाळांना सांगतात आणि सांगताना हसतात. गेल्या वर्षी ती वारली तेव्हा आमच्या अंगणात या गावांतून आलेल्या बाया बसल्या होत्या, आणि जी ती दुसरीला आपलीच भिंत सांगत होती.

पण ते सगळं सुरू झालं बस्तावी परत गेला त्याच दुपारी. आम्ही भांडी घासत होतो. शाझलियाचे खांदे इतके दुखत होते की तिला कढई उचलवत नव्हती. बाहेर गाढव थांबलं. पलीकडच्या वस्तीवरची हज्जा रूहिया, सहा वर्षांपूर्वी हज करून आलेली, काठी टेकत आत आली. सलाम नाही, दुवा नाही.

"नफूसाची भिंत मी बघून आले," ती शाझलियाला म्हणाली. "माझ्या दारावर उंट हाय. बस्तावीनं काढलेला. मी उंट बघितलासुद्धा न्हाई. माझी चप्पल हरवली व्हती आन् मी तापल्या फरशीवरून अनवाणी पळाले, रडत न्हाई, हसत पळाले, म्हातारपणी लहान पोरीसारखी. हे सहा वर्षांत कुणाला सांगितलं न्हाई. तो उंट पुसून टाक."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी शाझलियाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बघतेस काय," त्या म्हणाल्या. "शिडी घे."